कोन गप्प आहे?

कटरे डॉक्टरांनी मला मदत केली, हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. काय झालं ते मागाहून सांगेन. त्या दुपारचं सांगायला लागलं की लोक तेवढंच लक्षात ठेवतात आणि डॉक्टरांचं नाव त्या एका दुपारला चिकटवून टाकतात. तसं व्हायला नको. म्हणून नाव आधी.

लहान मुलांचा वॉर्ड म्हणजे पत्र्याची एक लांब खोली होती. सकाळी डॉक्टर यायचे, त्यांच्यामागे नागपूरहून शिकायला आलेली पांढऱ्या कोटातली मुलं. डॉक्टर एकदम आत येत नसत. उंबऱ्यावर थांबायचे, डोळे मिटायचे, मान जराशी डावीकडे झुकवायचे. आत पोरांचा नुसता कालवा चाललेला असे. कुणी सुईच्या भीतीनं, कुणी पोटाच्या कळेनं, कुणी शेजारचं रडतंय म्हणून. डॉक्टर डोळे मिटूनच विचारायचे, "कोन गप्प आहे?"

मुलं माना वर करून शोधायची. मग डॉक्टर डोळे उघडून त्यांच्या तोंडांकडे बघत. एखादा म्हणायचा, "सर, खिडकीजवळचा." की डॉक्टर सरळ खिडकीजवळ. वाटेतली किंचाळणारी पोरं सोडून.

"रडते त्याले मी भेत नाही," ते म्हणायचे. "रडाले दम लागते. ज्याच्यापाशी दम आहे थे थोडं थांबू शकते. गप्प झाला त्याच्याकडं आधी पाय उचला."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मांडीवरच्या पोरीकडे बघितलं. माझी सुमी तेव्हा रडत होती. पण ती कधी गप्प होईल याचाच धाक मला त्या दिवसापासून बसला, तो अजून गेलेला नाही.

मी माणदेशातली. आई गेली तेव्हा धाकट्या भावंडांसाठी माझी शाळा चौथीतच सुटली. लग्न झालं आणि रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर गोंदियाला आले, स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. आमच्याकडे प्यायला पाणी नाही, आणि इथं जिकडं बघावं तिकडं तळी आणि धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं. बाजारात बोलायचं तर हिंदी. शेजारी बोलतात ते मराठीच, पण मला पहिलं वर्षभर निम्मं कळलं नाही. नवरा इंजिनावर, दोन-दोन दिवस घरी नाही. सुमी वर्षाची व्हायच्या आत तिला छातीचा ताप आला आणि पोर हातात घेऊन कुणाकडे बघावं हेच कळेना. दवाखान्याचं नाव काढलं तर रेल्वे क्वार्टर्समधल्या शेजारणीनं सांगितलं, "उधर मत जाना भौजी. वहाँ नागपुर के लड़के बच्चों पे सीखते हैं." तरी गेले. दुसरीकडे कुठं जाणार?

शेजारीण खोटं बोलत नव्हती. मुलं शिकतच होती. पण पहिल्या सकाळी कटरे डॉक्टर माझ्यासमोर उकिडवे बसले. ठेंगणे, काळेसावळे, पँटच्या पायाला बांधीतला चिखल वाळलेला. गोंदियाजवळच्या नागरा गावाच्या बाजूला त्यांची शेती होती, तिकडूनच सायकलनं यायचे.

"बाई, तुझ्या पोरीवर या पोट्ट्याईले शिकवू का? नाही म्हनशीन तं नाही. औषध तेच भेटन."

तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. शाळा सोडू का, लग्न करू का, एवढ्या लांब जाऊ का, काहीच नाही. मी मान हलवली. होकार दिला की नकार, मलाच कळलं नाही. ते थांबले. "तोंडानं सांग." मी म्हणाले, "शिकवा."

त्यांचं शिकवणं बघण्यासारखं होतं. वॉर्डात तुसाची शेगडी पेटलेली असे. प्रत्येक मुलानं आधी तिच्यावर हात धरायचे. पिंपळापुरे नावाचा एक उंच, गोरा, घाईचा मुलगा होता. पहिल्याच दिवशी तो तसाच पुढं आला आणि सुमीच्या छातीला नळी लावायला गेला. डॉक्टरांनी त्याच्या गळ्यातली नळी काढून आपल्या खिशात टाकली.

"का सर?"

"हात कसे आहेत तुझे? बेडकासारखे. थंड हातानं शिवलं तं लेकरू आजाराची गोष्ट सांगत नाही, तुझ्या हाताची सांगते. जा, शेक. अन् आज नळी नाही. आज डोळे."

मग सगळ्यांनी खाटेभोवती नुसतं उभं राहायचं. हात मागे. पोरानं आधी त्यांना बघायचं, मग त्यांनी पोराला. नाकपुड्या फुगतात का, फासळ्यांमध्ये खळगा पडतो का, नखं कसली आहेत. जवळच राईस मिल होती. तिच्या धुराड्यातली काळी, हलकी राख वॉर्डात यायची, चादरीवर, भातावर, पोरांच्या तोंडावर बसायची. आम्ही बाया दिवसभर पदरानं पुसत असू. डॉक्टर म्हणायचे, "एक कन राहू द्या. वरच्या ओठावर बसलेला कन पाहा रे. श्वास आहे तं थे नाचते. मिलवाला फुकटात शिकवून राहिला तुमाले."

पिंपळापुरेनं एकदा विचारलं, "सर, झोपलेलं मूल आणि गप्प झालेलं मूल, फरक कसा ओळखायचा?"

"उठवून पाह्य. उठून तुले लाथ मारली तं झोपलं होतं."

सगळे हसले. आम्ही आयासुद्धा.

स्वतः डॉक्टर नळी क्वचितच कानाला लावत. ती मुलांच्या कानात घालायचे आणि विचारायचे, "काय ऐकू येते? सांग. नीट सांग. डाव्या बाजूले?" मुलांना वाटे, आपली परीक्षा चालली आहे. घाम फुटायचा त्यांना. मलाही तसंच वाटे. एकदा मी त्यांना चहा दिला तर त्यांनी वरून आणखी साखर मागून घेतली. म्हणाले, चिचगडच्या जंगलात तरुणपणची सगळी नोकरी गेली, हिवतापानं सोडलं नाही, कुनैन खाऊन खाऊन तोंडाची चवच मेली. "जिभेचं काही नाही बाई," असं म्हणून पुढं काहीतरी बोलणार होते. बोलले नाहीत.

शेजारच्या खाटेवर सोमा होता, दीड वर्षाचा. त्याची आई सगुणाबाई अर्जुनी मोरगावकडची, नवऱ्यामागं गोंदियात येऊन बिड्या वळणारी. पोराच्या उशाशी बसूनही तिच्या मांडीवर सूप असायचं, तेंदूची पानं, तंबाखू, कात्री. सोमा हगवणीनं आला होता आणि आता बरा होत होता. दोन-चार दिवसांत घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले होते. या बाईनं मला तिथं सांभाळलं. आपल्या डब्यातला भात मला द्यायची. सुमीचे कपडे बदलताना मी रडायला लागले तर म्हणायची, "कायले रडून राहिली? तुझी पोरगी रडते ना, एक पुरे." पिंपळापुरेला लंगोट नीट बांधता आला नाही तेव्हा तिनं त्याच्या हातातून तो ओढून घेतला. "डॉक्टर होशीन जी, होशीन. आधी गाठ माराले शिक."

आठवड्यातून एकदा तरी डॉक्टर वॉर्डाच्या मध्ये उभे राहून बायांना विचारायचे, "लेकराईले अफू कोन देते? मी रागावत नाही. नुसतं सांगा." एकही बाई वर बघत नसे. ते गेले की सगुणाबाई माझ्याशी बोलायची, तिकडच्या बायांच्या 'देतो-गेलो'च्या बोलीत, "काय सांगू यायले? कारखान्यात पोट्टं रडलं तं ठेकेदार म्हनते, जाय घरी. घरी कोनी धराले नाही. मंग मोहरीएवढी चाटवतो. माझ्या मायनं मलेबी देली. मेलो का मी?"

घरी धरायला कुणी नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

सुमीचा ताप उतरायला लागला होता, पण रडणं थांबत नव्हतं. सुया टोचून टोचून तिचे कुल्ले दगडासारखे झाले होते. मांडीवर घेतलं तरी रडे, खाली ठेवलं तरी रडे. माझ्या डोळ्याला डोळा लागून किती दिवस झाले होते कुणास ठाऊक. त्या दुपारी मी सगुणाबाईला म्हटलं, जरा बघा, आणि विहिरीवर लंगोट धुवायला गेले. परत आले तर वॉर्डात काहीतरी वेगळं वाटलं. सुमी झोपली होती. सोमाही झोपला होता. सगुणाबाई बिड्या वळत बसली होती. मला बघून हसली. "पाह्य, निजली. तूबी नीज जराशीक. डोळे कसे झाले तुझे."

मी तिच्या पाया पडायची तेवढी राहिले. पिंपळापुरे फेरी मारत आला, वाकून बघितलं, हळूच म्हणाला, "झोपू द्या बाई. आता आराम पडतोय." मी भिंतीला टेकले आणि बसल्या जागी माझा डोळा लागला.

जाग आली ती दुपारच्या फेरीच्या वेळी दारातून आलेल्या आवाजानं. "कोन गप्प आहे?"

"सर, ही मधली," पिंपळापुरे पुढं होऊन म्हणाला. "पण झोपली आहे. शांत झोप आहे. बरं वाटतंय तिला."

डॉक्टर झपाझप आले. "उठवलं होतं का?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरांनी सुमीच्या तळपायाला टिचकी मारली. तिनं पाय ओढला नाही. पुन्हा मारली. मग पापणी वर केली आणि पिंपळापुरेची मान धरून खाली वाकवली. "पाह्य. बाहुली पाह्य. सुईचं टोक आहे. श्वास मोज." तो मोजायला लागला आणि एक श्वास झाल्यावर दुसऱ्याची वाट बघत राहिला. दुसरा येईना. आला तो किती वेळानं.

"अफू कोनं देली?"

मी हादरून इकडंतिकडं बघायला लागले. सगुणाबाईच्या हातातलं पान खाली पडलं.

"मी देलो जी. दुधात. सोमाले देतो तेवढंच. बाई मरून राहिली होती झोपेवाचून."

डॉक्टरांनी सुमीला खाटेवरून उचललं, टेबलावर ठेवलं आणि मुलांना हाका मारल्या. "निजू देऊ नोका. तळपाय चोळा. चिमटे घ्या. रडवा तिले. मायची लाज धरू नोका, रडवा!" तिच्या तोंडावर पातळ फडकं घातलं आणि पिंपळापुरेला म्हणाले, "तुझा श्वास दे. लहान दे. गालात मावन तेवढाच." तो वाकला. त्याचे गाल फुगायचे आणि सुमीची छाती इवलीशी वर यायची. तो थकला की दुसरा, दुसरा थकला की तिसरा. डॉक्टर तिच्या छातीवर तळहात पसरून उभे होते. सगळा वॉर्ड त्या टेबलाभोवती. आपापली पोरं कडेवर घेऊन बायासुद्धा. सगुणाबाई माझा हात धरून उभी होती. तिचे हात तंबाखूनं पिवळे होते आणि गार पडले होते. मी तो हात सोडला नाही. का सोडला नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

ऊन खिडकीवरून उतरलं. मिलचा भोंगा झाला. पिंपळापुरेची तिसरी-चौथी पाळी चालली होती तेव्हा सुमीनं तोंड वेडंवाकडं केलं, आणि रडली. आधी मांजरासारखी, मग चांगली मोठ्यानं, पत्रा दणाणेल अशी. मुलं हसायला लागली, एक तर खाली बसून रडायलाच लागला. डॉक्टर तिच्या तोंडाजवळ कान नेऊन वाकले होते. ती त्यांच्या कानात किंचाळत होती. त्यांनी वर बघितलं आणि पिंपळापुरेला विचारलं,

"रडली का?"

मुलं हसायची थांबली. पिंपळापुरेनं हळूच मान हलवली. डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी त्यांच्या सगळ्यात जवळ उभी होते. त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं.

तेवढ्यात सगुणाबाईनं माझा हात सोडला. ती आपल्या खाटेकडे गेली होती. तिथून तिचा आवाज आला, ओरडून नाही, साधा, कुणाला बोलवावं तसा. "जी... माझा सोमा उठत नाही."

सोमाच्या वरच्या ओठावर राखेचा एक कण होता. तो हलत नव्हता.

त्याच्यासाठीही सगळं केलं. टेबल, फडकं, श्वास, चोळणं. डॉक्टरांनी स्वतः वाकून श्वास दिला, कुणाला पाळी दिली नाही. शेवटी पिंपळापुरेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते थांबले. सोमा घरी जायचा म्हणून त्याच्या आईनं नवं झबलं आणून उशाशी ठेवलं होतं. तेच घातलं त्याला.

डॉक्टर सगुणाबाईसमोर जमिनीवर बसले. ती म्हणत होती, "माझ्या हातानं देलो जी. माझ्या हातानं."

"तुझ्या मायनं तुले देली होती ना?" तिनं मान हलवली. "तिच्या मायनं तिले. ठेकेदार देते, कारखाना देते, नुसतं विचारून जानारा मीबी देतो. तुझा एकटीचा हात नाही बाई." तिला ते कळलं की नाही, देव जाणे. ती ज्या नजरेनं त्यांच्याकडे बघत होती ती नजर मी विसरायचा प्रयत्न केला. झालं नाही.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर नेहमीच्या वेळेला उंबऱ्यावर आले. मुलं मागे. पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. वळून मुलांकडे तोंड केलं. मी दारालगतच होते, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

"मले ऐकू येत नाही. कुनैननं कान खाल्ले. पहिले बारीक आवाज गेले, मंग मोठे. तुमचं बोलनं मी ओठ पाहून समजतो. दोन वर्षं झाली, लेकराचं रडनं मले ऐकू येत नाही. मी इथं उभा राहतो, डोळे मिटतो अन् विचारतो, कोन गप्प आहे. तुमाले वाटते मी परीक्षा घेऊन राहिलो. मी परीक्षा नव्हतो घेत रे. मी विचारत होतो."

त्यांनी चौकटीला हात टेकला आणि पुढं सांगितलं.

"काल एक नाव भेटलं अन् मी त्याच्यामागं धावलो. दुसरं कोन, हे मी विचारलंच नाही. कान असता तं विचारावं लागलं नसतं. अन् तुमच्यापैकी कोनी सांगतलं नाही, काहून की मी विचारल्याशिवाय बोलाचं नाही, असं मीच तुमाले शिकवलं. आज हे शिका. मी विचारो का न विचारो, एक गप्प लेकरू भेटलं तं बाजूच्या खाटेकडं पाहा. माझ्यासारख्यावर भरवसा ठेवू नोका."

पिंपळापुरे म्हणाला, "सर, चूक माझी होती. झोपली आहे असं मी म्हणालो."

"तुझी तुझ्यापाशी ठेव. बुढा होतपर्यंत पुरन. माझी मले घेऊ दे."

मग ते आत आले आणि प्रत्येक खाटेपाशी थांबले. प्रत्येक पोराच्या छातीवर तळहात ठेवला, शेगडीवर शेकलेला. त्या दिवशी कुणी रडत असो की नसो, एकही खाट सोडली नाही. मुलंही तशीच, हात शेकून, त्यांच्यामागून. फेरी संपायला दुपार झाली. ती त्यांची शेवटची फेरी. त्यांना कुणी काढलं नाही, त्यांनीच सोडलं.

सुमी घरी आली. आता बालवाडीत जाते आणि इतकी बडबडते की शेजारीपाजारी वैतागतात. पण ती खेळता खेळता मध्येच गप्प झाली की माझ्या हातातलं भांडं तिथंच राहतं. मी जाऊन बघते. दोन हातांच्या अंतरावर ती चित्र काढत असते, बाहुली निजवत असते. तरी हलवून बघते. ती चिडते. चिडली की मला बरं वाटतं.

परवा महाशिवरात्रीला नागऱ्याच्या शंकराला गेलो तेव्हा वाट वाकडी करून डॉक्टरांच्या शेतावर गेले. बांधावर बसले होते. पार बहिरे झालेत. ओळखलं मात्र लगेच. सुमी परक्याला बघून लाजली आणि भोकाड पसरलं. मी तिला दटावायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, उन्हात धरले, आणि तिच्या पाठीवर ठेवले. ती रडत होती आणि ते हात तसेच ठेवून बसून राहिले, जणू एखादं गाणं चाललंय.

"चांगली रडते," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "थे बाई आहे का अजून गोंदियात? सोमाची माय?"

मी मान हलवली. ती आहे. त्याच बिडीच्या कारखान्यामागच्या गल्लीत. मला दिसली की पदर पुढं ओढून दुसऱ्या बाजूनं जाते. गेल्या महिन्यात दिसली तेव्हा मात्र पदराखालचं पोट लपत नव्हतं. मी ते डॉक्टरांना हातानं दाखवलं. त्यांचा चेहरा पडला.

"कारखाना थोच आहे," ते म्हणाले. "ठेकेदार थोच. लेकरू नवं."

येताना सुमीला कडेवर घेऊन मी तेवढंच घोकत आले. डॉक्टरांनी माझ्याकडे काही मागितलं नाही आणि मला द्यायला माझ्याजवळ काही नाही. चौथी शिकलेल्या बाईनं डॉक्टरचं काय फेडावं? पण दोन हात आहेत, आणि नवरा इंजिनावर असला की सबंध दिवस मोकळा आहे. सगुणाबाईचे दिवस भरतील. ती पदर ओढून दुसऱ्या बाजूनं गेली तर मीही त्या बाजूला जाईन. तिचं लेकरू मी धरीन, ती बिड्या वळेल तोवर, कितीही रडलं तरी. त्याला खूप रडू देईन. डॉक्टर, तुमचं फेडायचं ते मी असं फेडीन. आणि मग एक दिवस ते रडणारं पोर घेऊन तुमच्या बांधावर येईन आणि तुमच्या तळहाताखाली ठेवीन.